हॅरिएट विल्सनचे पुस्तक मित्रांनीच का वाचले नाही?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. ते योग्यच होते. पण या भल्या लोकांच्या शेजारी राहणाऱ्या काळ्या माणसांना काय अनुभव येत होता, हे त्याआधी १४ वर्षे एका बाईने लिहून ठेवले होते.

हॅरिएट विल्सन. जन्म १८२५, मिलफर्ड, न्यू हॅम्पशायर. म्हणजे गुलामीचे दक्षिण राज्य नव्हे, उत्तर. मिलफर्ड तर गुलामीविरोधी चळवळीचे गाव! लहानपणीच ती एका गोऱ्या कुटुंबात करारावर राबायला ठेवली गेली. तब्येत मोडली ती कायमचीच. नवऱ्याने सोडले, मुलगा जॉर्ज दुसऱ्यांकडे ठेवावा लागला. त्याच्या पोटासाठी तिने १८५९ मध्ये बोस्टनला ‘अवर निग’ ही कादंबरी स्वतःच छापून घेतली. घरातले लोक नायिकेला हाक मारायचे ती शिवीच तिने पुस्तकाला नाव म्हणून दिली, आणि लेखिका म्हणूनही तीच छापली.

कादंबरीतली फ्राडो एकदा सरपण आणायला जाते. उशीर झाला म्हणून मालकीण काठी उगारते. फ्राडो ओरडते: मारलेत तर यापुढे तुमचे काडीचेही काम करणार नाही. मालकीण थबकते आणि सरपण स्वतः उचलून घरी नेते. माझ्या मते साऱ्या पुस्तकाचा कणा हाच प्रसंग आहे. इथे कोणी गोरा तारणहार येत नाही.

प्रस्तावनेत विल्सन म्हणते की, गुलामीविरोधी मित्रांना ज्याची सर्वाधिक लाज वाटेल ते मी मुद्दाम गाळले आहे. गाळूनही जे उरले ते मित्रांना झेपले नाही. गोऱ्या हॅरिएट स्टोची ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५२ मध्ये वर्षभरात अमेरिकेतच तीन लाख खपली होती. तिच्यातला सर्वांत क्रूर मालक दक्षिणेतल्या मळ्यावरचा, म्हणून उत्तरेतल्या वाचकाला रडणे सोपे गेले. विल्सनची मालकीण त्याच्याच गल्लीतली होती.

पुस्तक आल्यावर सहाच महिन्यांत जॉर्ज तापाने गेला. पुढे विल्सनने केसांची औषधे विकली, बोस्टनमध्ये परलोकविद्येची व्याख्याने दिली. १९०० मध्ये ती वारली. पुस्तक विसरले गेले. ज्यांच्या हाती पडले त्यांतल्या अनेकांनी लेखक गोराच असणार असे धरले. १९८० च्या दशकात हेन्री लुई गेट्स यांनी ती काळी होती हे सिद्ध केले. त्यासाठी मुख्य पुरावा लागला तो जॉर्जच्या मृत्यूचा दाखला. त्यात रंगाची नोंद होती.