सूत एकाचे, माग दुसऱ्याचा

भिवंडीत कापड विणले जाते हे सर्वांना ठाऊक आहे. ते कुणाच्या सुताचे, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

१८५७ नंतर उत्तरेतले मोमीन विणकर इथे येऊन वसले. त्यांनी हातमाग मांडले. १९३० च्या दशकापासून यंत्रमाग येऊ लागले. पुढे त्यांत मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही बरेच आले. माग घेता आला तरी सुतात गुंतवायला पैसा थोड्यांकडेच असे. म्हणून जॉबची रीत पडली. व्यापारी सूत देतो. सायझिंगमध्ये त्याला खळ लावून बीम भरतात. कारखानदार तो बीम मागावर चढवतो, कापड विणून देतो आणि मजुरी घेतो. मजुरी ठरते पिकावर, म्हणजे इंचात किती आडवे धागे बसले त्यावर.

व्यापारी कारखानदार निवडतो तो नुसता दर पाहून नव्हे. तागा बिनडागी येतो का, सुताचा हिशोब चोख आहे का, हेही तो बघतो. कारखानदारही व्यापाऱ्याला पारखतो. मजुरी वेळेवर मिळते का? मंदी आली की बीम बंद होतात का? मधला दलाल दोघांची हमी घेतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तेव्हा गिरणीमालकांनी भिवंडीत कापड विणून घेतले आणि ते गिरणीच्या छापाने विकले. आमच्या गावात माग रात्रंदिवस चालले. गिरणगावात चुली थंडावल्या. दोन्ही ठिकाणी पोट कष्टकऱ्याचेच होते. पण केवळ स्वस्त म्हणून मिळालेले काम दुसरा स्वस्त भेटेपर्यंतच टिकते. पुढे मंदीच्या प्रत्येक फेऱ्यात भिवंडीने ते अनुभवले.

मे १९८४ च्या दंगलीत घरे जळाली, मागही जळाले. सूत देणारा बहुधा हिंदू, विणणारा बहुधा मुसलमान. एकावाचून दुसऱ्याचे चालत नव्हते. १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. श्रेय त्या समित्यांचे आहेच. पण उधारीवर सूत देणाऱ्या-घेणाऱ्यांची जुनी ओळखही कामी आली असावी, असे मला वाटते.

धाग्याचा दर रोज बदलतो. मंदीतही बीम चालू ठेवणारा व्यापारी आणि त्याचे सूत स्वतःचे समजून जपणारा कारखानदार, अशा जोड्या जितक्या टिकतील तितके हे गाव टिकेल.