काळ्या गाण्यांची कुळकथा

या व्याख्यानमालेत संत, शाहीर, शिवकाल आणि स्वातंत्र्यलढा यांवर आजवर पुष्कळ बोलून झाले आहे, आणि आमच्याहून अधिकारी माणसे बोलून गेली आहेत. आम्ही शाळेत गेलो ते नववीपर्यंत. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटापुढे, कारखान्यांच्या गेटांवर आणि रेल्वेच्या डब्यात. तेव्हा आमच्यासारख्याने इतिहासावर बोलायचे तर ज्याला इकडे फारसा कोणी हात लावलेला नाही असाच इतिहास घ्यावा, एवढ्या सावध हिशेबाने आम्ही विषय निवडला. विषय आहे विलायतेतील ‘गॉथ रॉक’ नावाचे संगीत. नाव ऐकून मंडळी हसतील हे आम्ही धरूनच चाललो आहोत. आम्हीही एकदा हसलो होतो, आणि नुसते हसून थांबलो नव्हतो. ती हकीकत आधी सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याने आपले कंत्राटी कामगार एका रात्रीत कमी केले. सकाळी गेटसभा झाली. आम्ही बोलत असता मागच्या बाजूला एक पोरगा कानात इयरफोन घालून बसलेला दिसला. अंगात काळा सदरा, त्यावर डोंगरांच्या ओळी काढाव्यात तशा पांढऱ्या रेघा. आम्ही भाषण थांबवून चारचौघांत त्याला म्हणालो, की बाबा रे, भाकरी गेली आहे आणि तू गाणी ऐकतोस होय? लोक हसले. पोरगा काही न बोलता उठून गेला. पुढच्या दोन सभांना तो आला नाही, आणि त्याच्याबरोबर आणखी चारपाच जण आले नाहीत. संघटकाच्या कामात ही चूक लहान नव्हे.

पुढे एका संध्याकाळी तो आम्हांला आपल्या जेऊरच्याच फलाटावर बाकावर बसलेला सापडला. आम्ही शेजारी जाऊन बसलो आणि काय ऐकतोस म्हणून विचारले. या खेपेला खरोखर विचारले. त्याने एक इयरफोन आमच्या हाती दिला आणि म्हणाला, “अण्णा, शब्दांच्या मागे लागू नका. जाड तारेचा आवाज धरा. बाकीचे आपोआप येईल.”

आधी नुसती टकटक होती, कोणी रिकाम्या वखारीत लाकडावर काठी मारावी तशी, आणि तिचे पडसाद. मग जाड तारांची गिटार, तिला बेस म्हणतात, तीच ती चाल घेऊन पायऱ्या उतरल्यासारखी खाली येऊ लागली. वरून दुसरी गिटार पत्र्यावर खिळा ओढावा तशी किरकिरत होती. गाणारा येतो तो जवळजवळ तीन मिनिटांनी, आणि तोही घाई नसलेल्या खोल आवाजात. गाणे नऊ मिनिटांहून मोठे. मध्येच गाडी आली. ती आम्ही सोडली.

त्या गाण्याचे नाव ‘बेला लुगोसीज् डेड’, म्हणजे बेला लुगोसी मेला. कोण हा लुगोसी? घरी येऊन शोध घेतला तेव्हा आम्ही थक्क झालो. हा हंगेरीचा नट. १९३१ च्या अमेरिकन बोलपटात त्याने ड्रॅक्युलाचे काम केले आणि जन्मभर तो त्या रक्तपिपासू सरदाराच्या झग्यात अडकून पडला. १९५६ साली वारला तेव्हा ड्रॅक्युलाचा तसाच एक झगा घालून त्याला पुरला. एवढे सर्वांना ठाऊक असते. पण त्याआधीची गोष्ट अशी की, १९१९ च्या हंगेरीतील क्रांतीच्या दिवसांत नटांची युनियन बांधण्यात हा माणूस पुढे होता. क्रांती मोडली, धरपकड सुरू झाली आणि त्याला देश सोडून पळावे लागले. पुढे हॉलिवुडमध्ये नटांचा संघ निघाला, त्यातही सुरुवातीच्या मंडळींत तो होता. ज्या गाण्याला आम्ही कामचुकार पोरांचे गाणे समजलो, ते एका युनियनवाल्याच्या मरणावर निघाले! गाणारांना हे ठाऊक असेल-नसेल. त्यांच्या मनात तो पडद्यावरचा ड्रॅक्युलाच होता. आम्हांला मात्र तेथून वाट सापडली.

आता ‘गॉथिक’ या शब्दाचा अर्थ. त्याच्यासाठी विलायतेला जायला नको. जेऊरला गाडीत बसून मुंबईला जो उतरतो, तो गॉथिकच्या पोटातच उतरतो. पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ही स्टीव्हन्स नावाच्या स्थापत्यकाराची १८८८ साली पुरी झालेली इमारत त्याच धाटणीची आहे. टोकदार कमानी, रंगीत काचा, आणि भिंतीतून माना काढून खाली बघणारे दगडी प्राणी. त्यांतले पुष्कळ कोरीव काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. मुळात गॉथ ही युरोपातील एक लढाऊ जमात. तिने ४१० साली रोम लुटले. पुढे हजार वर्षांनी इटलीच्या पंडितांना मधल्या काळातील टोकदार देवळे आवडेनात, म्हणून त्यांनी ती ‘गॉथांची’, म्हणजे रानटी, ठरवली. तेव्हा हे नाव शिवी म्हणून जन्मले. १७६४ साली होरेस वॉल्पोल या इंग्रज सरदाराने पडक्या गढीची एक भयकथा लिहिली आणि दुसऱ्या आवृत्तीत तिला ‘गॉथिक’ म्हटले. तेव्हापासून पडझड, अंधार आणि मेलेल्यांची आठवण यांना तो शब्द कायमचा चिकटला.

यात परके काही नाही. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि आपण ते पाहायला मुलाबाळांसह जातो. बुडालेल्या गावाचे ओले दगड पाहून बरे का वाटावे, याचा हिशेब कोणी मागत नाही.

असो. हे संगीत निघाले कोठे? आमच्या शोधाचा गाभा येथे आहे. ते लंडनच्या श्रीमंत वस्तीत निघाले नाही. वर सांगितलेले गाणे १९७९ सालचे. ते करणारा बाउहाउस हा वाद्यवृंद नॉर्थॅम्प्टन गावचा, आणि नॉर्थॅम्प्टन म्हणजे जोडे शिवणाऱ्या कारखान्यांचे गाव. गाणारा पीटर मर्फी त्याआधी एका छापखान्यात कामाला होता. ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ १९८० साली लीड्समध्ये उभी राहिली; लीड्स हे लोकरीचे आणि तयार कपड्यांचे शहर. तिच्यात लवकरच ढोल वाजवणाऱ्या माणसाच्या जागी यंत्र आले. त्या यंत्राला त्यांनी ‘डॉक्टर अ‍ॅव्हलांच’ असे नाव देऊन वादकांच्या यादीत बसवले. माणसाच्या जागी यंत्र आणणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले, पण यंत्राला सभासद करून घेणारे हेच पहिले.

आणि मँचेस्टर! आपल्या मुंबईच्या गिरण्या ज्याच्याशी स्पर्धा करीत वाढल्या ते कापसाचे शहर. तेथला ‘जॉय डिव्हिजन’ हा वृंद १९७६ मध्ये जमला. त्या पोराच्या सदऱ्यावरच्या रेघा याच वृंदाच्या १९७९ च्या पहिल्या तबकडीवरच्या. त्या डोंगररांगा नव्हेत. आकाशातील एका मरून गेलेल्या ताऱ्याकडून ठराविक अंतराने येणाऱ्या लहरींची ती नोंद आहे. गाणारा इयन कर्टिस हा मॅकल्सफील्ड या जुन्या रेशीमगिरण्यांच्या गावात, सरकारी रोजगार कचेरीत कारकून होता. अपंग माणसांना काम मिळवून देणे हे त्याचे काम. तेथे येणाऱ्या एका फेफरे असलेल्या मुलीचे मरण त्याने गाण्यात आणले. पुढे त्याला स्वतःलाच तो आजार जडला आणि १८ मे १९८० रोजी, तेविसाव्या वर्षी, त्याने आपला जीव दिला. काही लोक या मरणाला मोठेपणाचा भाग मानतात. आम्ही मानीत नाही. आजारी, खचलेल्या पोराला वेळेवर कोणी धरले नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याची गाणी थोर आहेत ती तो मेला म्हणून नव्हे.

ही गाणी कोणत्या हवेत तयार झाली हे कळण्यास एक तारीख पुरे. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधील बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. त्याच महिन्यात, १८ जानेवारीला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. जुलैमध्ये लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’, म्हणजे वटवाघळांची गुहा, नावाचा क्लब उघडला आणि चेहरा पांढरा, डोळ्यांत काजळ, अंगात काळे असा वेष करून पोरेपोरी तेथे जमू लागली. तिकडे हे चालले असताना इकडे गिरणगावात घरातली भांडी विकली जात होती. दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या आहेत, हे आमच्या ध्यानात यायला चाळीस वर्षे लागली.

आमचे वडील त्या संपात होते. गिरणीचे नाव घेत नाही. आज तेथे गिरणी नाही. पुढच्या वर्षी ते एक पत्र्याची ट्रंक घेऊन जेऊरला उतरले. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे. ते शिवीगाळ करीत नसत, दारूही पीत नसत. फक्त पहाटे पहिल्या भोंग्याच्या वेळेला उठून बसत. इकडे भोंगा कोठला? पण ते उठत आणि उजाडेपर्यंत भिंतीला टेकून बसून राहत. आई म्हणे, “अहो, निजा.” ते म्हणत, “निजतो.” आम्हांला त्या बसण्याचा राग येई. पुढे आम्ही युनियनमध्ये आलो त्याला तो रागही एक कारण होता. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, हे वाक्य आम्ही अनेक सभांत टाळ्यांसाठी म्हटले आहे. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाविषयी मात्र एकाही सभेत बोललो नाही.

येथे आमच्या चळवळीतील मित्रांचा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. तो आमचाच जुना आक्षेप आहे. कामगाराचे गाणे उठवणारे हवे, निजवणारे नको. आपल्याच जिल्ह्याने अमर शेख दिले. बार्शीचे हे शाहीर मोटारीवर क्लीनर होते, गिरणीत राबले, आणि त्यांच्या आवाजाने मैदाने उभी राहत. त्या डफापुढे ही रडगाणी काय? आम्ही उत्तर देतो ते असे. अमर शेखांचे गाणे संप सुरू होताना लागते. संप मोडल्यावर, भोंगा बंद पडल्यावर, पहाटे उठून बसलेल्या माणसाजवळ कोणते गाणे होते? जात्यावर बायकांना ओव्या तरी होत्या. गिरणीतून परत आलेल्या पुरुषाला काहीच नव्हते. १९४७ साली मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ आल्या तेव्हाही लोक म्हणाले की ही निराशा आहे. यंत्रयुगात माणसाचे काय होते हे त्या कवितांत होते, ते पचायला वेळ लागला. मँचेस्टरच्या पोरांनी तेच केले, आणि आणखी एक केले: त्यावर नाचता येईल असा ठेका धरला. ही मौज ऐकल्याशिवाय कळायची नाही. जॉय डिव्हिजनमध्ये चाल बहुधा जाड तारांची गिटारच, वरच्या स्वरांत, गात असते. एकदा कान तिच्यावर बसला की उदास गाणे ऐकून मन खचत नाही, उलट हलके होते. आम्हांला हे साधायला दीड-दोन महिने लागले.

या संगीताचे थोरले भावंड हेवी मेटल. तेही कारखान्यातलेच, आणि अगदी शब्दशः. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके नेली. फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. जळलेल्या हाताची दोन बोटे निकामी झाली असता उत्तम गिटार वाजवणारा तो कलावंत. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, पुढे तारा ढिल्या लावल्या, आणि त्या ढिल्या तारांतून ‘ब्लॅक सॅबथ’चा तो जड, काळा आवाज निघाला. पहिली तबकडी १९७० ची. नुकसानभरपाईच्या शेकडो अर्जांवर आम्ही सह्या घेतल्या असतील, पण असा निकाल एकाही अर्जाचा लागला नाही.

महाराष्ट्रात रुजले ते हे थोरले भावंड. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चे मेळावे भरू लागले, धोबी तलावाच्या रंगभवनात पोरांची गर्दी लोटे. २००० साली मुंबईतच ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा वृंद निघाला. अस्सल गॉथ म्हणावा असा संप्रदाय मात्र आपल्याकडे वाढला नाही. आणि २००७ ते २०१६ या काळात लोअर परळला मथुरादास गिरणीच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीतगृह चालले. रस्त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग. १९२० साली आयटक उभी करणाऱ्यांत जे होते, तेच हे जोशी. गिरणीच्या जागी गिटार वाजली याचे आम्हांला पूर्वी वैषम्य वाटे. आता वाटते ते एवढेच, की आत गाणाऱ्यांना खालच्या जमिनीची गोष्ट कोणी सांगितली होती की नाही.

तो पोरगा आता पुण्याला कामाला आहे. आम्ही त्याची भर सभेत माफी मागितली. तेव्हा तोच लाजला. त्याच्या यादीतली गाणी आम्ही रात्री जेवणानंतर ऐकतो. आमच्या घरातून प्रथम त्याला कडक विरोध झाला. तिन्हीसांजेला असले आवाज नकोत, असे सौभाग्यवतींचे म्हणणे. पण २०२४ च्या नोव्हेंबरात क्रॉली गावच्या ‘क्युअर’ या जुन्या वृंदाची सोळा वर्षांनी नवी तबकडी आली. गाणारा रॉबर्ट स्मिथ पासष्ट वर्षांचा. त्यातले एक गाणे त्याने आपल्या वारलेल्या भावावर केले आहे. ते लागले असता त्या भांडी घासायच्या थांबल्या आणि कोण गेले म्हणून विचारले. आम्ही सांगितले. त्या म्हणाल्या, “मग आवाज थोडा मोठा करा.”