बहु-मॉनिटर गेमिंग

बहु-मॉनिटर गेमिंग म्हणजे एकाच संगणकाला दोन किंवा अधिक मॉनिटर जोडून व्हिडिओ गेम खेळण्याची पद्धत होय. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात खेळाचे दृश्य सर्व पडद्यांवर पसरते. दुसऱ्यात खेळ एकाच पडद्यावर चालतो आणि इतर पडद्यांवर नकाशा, संभाषण किंवा थेट प्रक्षेपणाची साधने उघडी ठेवली जातात.

इतिहास

ही कल्पना प्रथम आर्केड यंत्रांत दिसली. जपानमधील तात्सुमी कंपनीच्या टीएक्स-१ (१९८३) या मोटार शर्यतीच्या खेळात तीन पडदे होते. संगणकासाठी मॅट्रॉक्स कंपनीने २००२ मध्ये तीन मॉनिटर चालवणारे पार्हेलिया हे ग्राफिक्स कार्ड आणले. एएमडीच्या आयफिनिटी (२००९) आणि एनव्हिडियाच्या सराउंड (२०१०) या तंत्रांमुळे अनेक मॉनिटर खेळाला एकाच रुंद पडद्यासारखे वापरता येऊ लागले.

फायदे

विमानोड्डाण आणि मोटार शर्यतीच्या खेळांना या पद्धतीचा सर्वाधिक लाभ होतो. बाजूचे मॉनिटर आत वळवून ठेवल्यास शेजारून येणारी गाडी किंवा धावपट्टीची दिशा मान वळवून पाहता येते. डावपेचांच्या खेळांत दुसरा पडदा उपयोगी पडतो. सुप्रीम कमांडर (२००७) या खेळात त्यावर संपूर्ण रणांगणाचा नकाशा ठेवता येतो.

मर्यादा

१९२० × १०८० क्षमतेच्या एका मॉनिटरवर सुमारे २०.७ लाख, तर तीन मॉनिटरवर सुमारे ६२.२ लाख चित्रबिंदू असतात. ते सर्व रेखाटण्याचा भार ग्राफिक्स कार्डावर पडल्याने दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या घटते. दृश्य दोनच मॉनिटरवर पसरल्यास त्यांच्या कडा नेमक्या मध्यभागी, म्हणजे नेम धरण्याच्या जागी येतात. म्हणून या प्रकारात सहसा तीन मॉनिटर वापरतात. प्रत्येक पडद्याचा कोन स्वतंत्रपणे न मोजणाऱ्या खेळांत कडेची चित्रे ताणलेली दिसतात. स्टारक्राफ्ट २ सारखे काही स्पर्धात्मक खेळ सर्वांना समान संधी मिळावी म्हणून दृश्याची रुंदी मर्यादित ठेवतात. दुसऱ्या प्रकारात माउसचा बाण शेजारच्या पडद्यावर सरकून तेथे क्लिक झाल्यास ऐन खेळात नियंत्रण सुटते. याशिवाय जागा, वीज आणि खर्चही वाढतो.

पर्याय

एकच अतिरुंद मॉनिटर घेतल्यास मधल्या कडा टळतात. ४९ इंची, ५१२० × १४४० क्षमतेचा मॉनिटर २५६० × १४४० क्षमतेच्या दोन मॉनिटरइतके चित्रबिंदू दाखवतो. भारतात २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्यांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. त्यामुळे एका मोठ्या मॉनिटरपेक्षा अनेक लहान मॉनिटरवर कराचा दर कमी पडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मॉनिटरचा दरही १८ टक्के झाला आणि हा फरक संपला.