कंसातला पंचम

परवाच्या शनिवारी क्लासला जरा लवकर पोचलो. आमचे व्हायोलिनचे सर मुलुंडला राहतात. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. सर आत चहा घेत होते, म्हणून बाहेरच्या खोलीत बसून मी गुपचूप एक उद्योग चालवला होता.

झालं असं, की गेल्या वर्षी कंपनीच्या कामाने सहा आठवडे डब्लिनला होतो. हॉटेलजवळच्या एका पबमध्ये दर बुधवारी सात-आठ मंडळी टेबलाभोवती बसून वाजवायची. त्यात दोन फिडल. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच हो, वाद्य तेच, फक्त संगत वेगळी! त्यातल्या एका आजोबांनी मला 'रोल' नावाचा प्रकार दाखवला होता. तोच मी मुलुंडच्या सतरंजीवर बसून काढायचा प्रयत्न करत होतो.

आतून सरांचा आवाज आला, "अरे, हा कंसातला पंचम कुठून आणलास तू?"

मी उडालोच. चोरी पकडली गेली म्हणून नव्हे, तर सरांनी त्याला नाव दिलं म्हणून!

आधी रोल म्हणजे काय ते सांगतो. लांब सूर नुसता धरून ठेवायचा नाही. मूळ सूर, वरच्या सुराचा झटका, परत मूळ, खालच्या सुराची टिचकी, पुन्हा मूळ. पंचम धरला तर 'प ध प म प'. हे सगळं इतक्या चटकन, की मधले सूर वेगळे ऐकू येऊ नयेत, नुसती उसळी जाणवावी. आता आपल्याकडे बघा. भातखंड्यांच्या लिपीत एखादा सूर कंसात लिहिला, (प) असा, तर तो वाजवायचा 'ध प म प'. म्हणजे आयरिश रोल बरोबर प अधिक कंसातला प. पाचातली चार अक्षरं सेम टू सेम! :)

डब्लिन आणि मुलुंडमध्ये ही फाइल कॉपी कोणी केली? अर्थात कोणीच नाही. पण आठवडाभर ऑफिसातून आल्यावर मी याच विषयात बुडालो होतो, आणि त्यातून जे सापडलं ते हे.

पहिली मजेची गोष्ट म्हणजे असल्या सुरांच्या खोड्या लिहून ठेवण्याचा उद्योग ज्यांनी केला, त्यातल्या तिघांची दिवसाची नोकरी निराळीच होती. पहिले शार्ङ्गदेव. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, सिंघण यादवाच्या दरबारी ते हिशेबखात्याचे मुख्य होते. 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ त्यांचा. त्यात त्यांनी गमकाचे पंधरा प्रकार सांगितलेत: तिरिप, स्फुरित, कंपित, लीन, आंदोलित वगैरे. सुराचं असं हलणं की ऐकणाऱ्याच्या मनाला सुख व्हावं, ते गमक. आणि माणूस हिशेबी खराच! यातले बरेच प्रकार त्यांनी कंपनाच्या वेगावरून वेगळे केलेत. तिरिप म्हणजे द्रुताच्या चौथ्या भागाच्या वेगाने, स्फुरित तिसऱ्या भागाच्या, कंपित निम्म्या. फंक्शन एक, पॅरामीटर वेगळे. आमच्या टीममध्ये असा माणूस मिळाला तर मी लगेच घेईन.

दुसरे विष्णु नारायण भातखंडे (1860 ते 1936). वाळकेश्वरला जन्म, पेशाने वकील. घराण्यांच्या कुलपात बंद असलेल्या शेकडो बंदिशी त्यांनी गोळा करून स्वरलिपीत छापल्या. मींडेला वर कमान, कणाला बारीक सूर डोक्यावर, आणि आपला तो कंस.

तिसरे फ्रान्सिस ओ'नील (1848 ते 1936). आयर्लंडच्या कॉर्क भागातले, आणि हे तर चक्क शिकागोचे पोलीसप्रमुख! 1903 साली त्यांनी 1850 आयरिश चालींचं पुस्तक काढलं. गंमत अशी, की त्यांना स्वतःला स्टाफ नोटेशन लिहिता येत नव्हतं. ते वाजवायचे किंवा गुणगुणायचे, आणि त्यांच्याच खात्यातले जेम्स ओ'नील लिहून घ्यायचे.

पण या पुस्तकात बहुतेक ठिकाणी चालीचा सांगाडाच आहे. रोल कुठे घ्यायचा, किती चपळ घ्यायचा, ते वाजवणाऱ्याने जाणायचं. भातखंड्यांची कमानही तेवढंच सांगते की इथून तिथवर घसरत जा. कसं, ते नाही सांगत. मला आधी वाटायचं, हा लिपीचा बग आहे. आता तसं वाटत नाही, पण त्याकडे नंतर येतो.

दुसरा प्रश्न, हे दागिने व्हायोलिनला मिळाले कुठून? वाद्याचं आजचं रूप सोळाव्या शतकात उत्तर इटलीत घडलं. त्याला ना पडदे ना पट्ट्या, बोट कुठेही ठेवा. त्यामुळे जिथे गेलं तिथलं आधीपासून जे मानाचं होतं, त्याची बोली ते शिकलं. आयर्लंडमध्ये मान पाइपचा. पिशवीच्या वाद्यात हवा सतत वाहते, तेव्हा एकच सूर दोनदा वाजवायचा तर मध्ये बोटाचा झटका मारूनच तोडावा लागतो. पाइपवाल्याची ती गरज होती. फिडलला गज उलटा फिरवून सूर तोडता येतो, तरी त्याने ती लकब उचलली, कारण कानाला तीच गोड लागत होती. डब्लिनच्या आजोबांना मी विचारलं होतं, तुम्ही कोणाकडे शिकलात? म्हणाले, वडिलांकडे, आणि वडील पाइप वाजवायचे. तेव्हा मला ते विसंगत वाटलं होतं.

आपल्याकडे मान गळ्याचा. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी (1786 ते 1859) मद्रासकडे हे वाद्य कर्नाटक संगीतात आणलं. आपल्या बाजूला ते रुजलं विसाव्या शतकात, आणि रुजवणाऱ्यांची यादी बघा. गजाननबुवा जोशी (1911 ते 1987) हे आधी गवई, ग्वाल्हेरची तालीम वडील अंतुबुवांकडून, आणि व्हायोलिन तितक्याच अधिकाराने. मुंबईचे पं. डी. के. दातार (1932 ते 2018) द. वि. पलुस्करांच्या गाण्यावर वाढले. एन. राजम मूळच्या कर्नाटक पद्धतीतल्या, पण ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकून त्यांनी गायकी अंग व्हायोलिनवर उतरवलं. म्हणजे बोटं व्हायोलिनवाल्याची, पण गुरू गवई.

त्यासाठी बैठकच बदलावी लागली. मांडी घालून, वाद्याचं डोकं पुढे काढलेल्या उजव्या पायाच्या घोट्याशी टेकवायचं. मग डाव्या हाताला वाद्य पेलायचं काम उरत नाही आणि तो तारेवर मोकळा फिरतो. बरंचसं काम तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांवर. मींड वाजायला हवी, हे एकच कारण. याच कारणापायी हार्मोनियमला शिव्या बसल्या. पट्टीवर मींड निघत नाही, हा मोठा आक्षेप होता आणि 1940 मध्ये रेडिओने हार्मोनियमवर घातलेली बंदी पुढे तीस वर्षं टिकली.

मुंबईत याच वाद्याची दुसरी वाट गोव्याहून आली. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलं स्टाफ नोटेशन वाचायला शिकायची आणि फिल्मी स्टुडिओंत वाजवायला यायची. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927 ते 2012) त्यातलेच, प्यारेलालांचे गुरू. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात हे नाव आलं ते त्या गुरूच्या आठवणीने. स्टुडिओत वीस व्हायोलिनं एकदम वाजायची, तिथे प्रत्येकाने आपापली मींड घेऊन कसं चालेल? ती कागदावर बांधूनच घ्यावी लागते. गोन्साल्विसना मात्र रागाचं वेड लागलं. 1958 मध्ये त्यांनी मोठा वाद्यवृंद उभारून, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला घेऊन, राग आणि ऑर्केस्ट्रा एकत्र आणायचा घाट घातला. कंस आणि स्टाफ एकाच पानावर! पुढे 1965 साली ते अमेरिकेला गेले आणि ते काम इथे मागे राहिलं.

आता तो बग. आमच्या सरांचं वय 78. बोटांचे सांधे आखडलेत, त्यामुळे चार वर्षं त्यांचं व्हायोलिन पेटीत बंद आहे. मी त्यांना प्रत्यक्ष वाजवताना कधीच ऐकलेलं नाही. ते गाऊन सांगतात, मी वाजवतो. मनात सारखी एक धाकधूक असते की हे सगळं कुठेतरी नीट उतरवून ठेवायला हवं. म्हणून मागच्या पावसाळ्यात मियाँ मल्हारातली त्यांची रे-प ची मींड मी रेकॉर्ड केली, एक छोटा प्रोग्राम लिहून तिचा आलेख काढला, आणि त्या रेषेवर तीन आठवडे बोट घासलं. मोठ्या अभिमानाने वाजवून दाखवलं.

सर म्हणाले, "सूर बरोबर आहेत रे. पण तू बघून वाजवतोयस. आधी गा बघू."

मला गाता येत नाही. तरी गायलो. पाचव्यांदा गाताना कळलं, की आपण पंचमाकडे धावत सुटतो, ऋषभावर थांबतच नाही. आलेखात ते थांबणं होतं की! पण मला दिसलं नव्हतं. मग वाजवलं, तर निम्मं तरी आलं.

म्हणून मला हल्ली वाटतं, की 'ऑर्नामेंट' हा शब्दच फसवा आहे. दागिना काढून ठेवता येतो. दरबारी कानड्याच्या गंधाराचं आंदोलन काढा, राग शिल्लकच राहत नाही. कमान किंवा कंस ही फक्त आठवण असते, ज्याने गळ्यातून ऐकलंय त्याच्यासाठी. शार्ङ्गदेव, भातखंडे, ओ'नील तिघांनी जेवढं लिहिता येईल तेवढं लिहिलं. पुढचं काम माणसांकडेच राहिलं. माझ्याकडे सरांच्या चाळीस तासांच्या फाइल्स आहेत. त्या ठेवणारच आहे, बॅकअपसकट. पण शनिवार चुकवायचा नाही.

असो. परवा सरांनी तो रोल आकारात गाऊन बघितला. मग म्हणाले, "आख्खी चाल वाजव." मी ती सहा मात्रांची जिग वाजवली, अडखळत. सरांनी व्हायोलिनच्या बंद पेटीवर आखडलेल्या बोटांनी दादरा धरला. संपल्यावर म्हणाले, "त्या आजोबांचं काही रेकॉर्डिंग आहे का तुझ्याकडे? पुढच्या वेळी आण."

फोनमध्ये दोन मिनिटांचं आहे. मागे ग्लासांचा आवाज येतो, पण चालेल.