शब्द फाटू नयेत म्हणून

नांदेडला किंवा लातूरला वाद्यांच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की गिटार शिकणारं एखादं पोरगं हमखास विचारतं, “अँप पाहिजे. उचलून नेता येईल असा, आणि क्लीन टोन चांगला पाहिजे.” दुकानदार दोन-तीन डबे दाखवतो, पोरगं मोबाइलवर रिव्ह्यू बघतं. रिव्ह्यूमधला परदेशी माणूस दोन मिनिटं साफ आवाज ऐकवतो आणि पुढची दहा मिनिटं फाटका. मी नांदेडला भीमगीतांच्या एका गायन पार्टीत गिटार वाजवतो, आणि मला हे प्रमाण नेहमी उलटं हवं असतं. ते का, याचं उत्तर गिटारमध्ये सापडत नाही. त्यासाठी आपल्याकडे आवाज लांब नेण्याची जी धडपड झाली, तिच्याकडे बघावं लागतं.

माइक येण्याआधी सगळा भार गळ्यावर होता. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारखे लोक आंबेडकरी जलसे घेऊन फिरत होते. ढोलकी, तुणतुणं, झांज आणि वरच्या पट्टीतला आवाज, एवढंच सामान. पट्टी वरची असण्यामागे हौसेइतकाच हिशेबही होता. माणसाचा कान मध्यम आणि उंच स्वर लवकर पकडतो, खर्ज मोकळ्या मैदानात विरून जातो. झिलकरी ओळ पुन्हा म्हणतात त्यात गंमत आहेच, पण मागच्या रांगेतल्या म्हातारीला ती ओळ दुसऱ्यांदा ऐकू येते हाही फायदा आहे. शब्द पोचला नाही तर जलशाला अर्थच उरत नव्हता.

मग मशीन आलं. आमच्याकडे अँप्लिफायरला अजूनही ‘मशीन’च म्हणतात, आणि कित्येक गावांत ‘आहुजा’. दिल्लीच्या या कंपनीची सुरुवात १९४० सालची. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ला तो मुक्त झाला, तरी खेड्यांत वीज पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. पण सप्ताह, जत्रा, निवडणूक आणि टुरिंग टॉकीजची जाहिरात विजेसाठी थांबणार नव्हती. म्हणून गाडीच्या बॅटरीवर चालणारी मशिनं. जुन्या मशिनांत काचेचे व्हॉल्व्ह असत, आणि व्हॉल्व्हला शेकडो व्होल्ट लागतात. बारा व्होल्टच्या बॅटरीतून ते काढायला आत ‘व्हायब्रेटर’ नावाची गुणगुणणारी डबी बसवलेली असे. ती सेकंदाला शंभरेक वेळा विजेची दिशा उलटवायची, पुढे ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवायचा. वर व्हॉल्व्ह तापवायला वेगळी वीज. अर्धी बॅटरी उष्णतेतच जायची.

हे सगळं बदललं ते डिसेंबर १९४७मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जुळवलेल्या ट्रान्झिस्टरमुळे. शॉकलीसह तिघांना १९५६चं नोबेल मिळालं. ट्रान्झिस्टरला तापवावं लागत नाही आणि बारा व्होल्टमध्ये तो मजेत चालतो. ‘सॉलिड-स्टेट’ हा दबदबा वाटणारा शब्द म्हणजे एवढंच: काचेच्या पोकळीतून जाणारी वीज आता घन पदार्थातून जाते. सायकल-रिक्षावर मशीन, बॅटरी आणि दोन भोंगे बांधून गावभर फिरणं सोपं झालं ते यामुळे.

इथे गिटारवाल्यांचा रस्ता वेगळा फुटतो. अमेरिकेत व्हॉल्व्हचा अँप क्षमतेपेक्षा जास्त ताणला की त्याचा आवाज गोलसर फाटायचा, आणि लोकांना तो आवडायला लागला. १९५१ साली मेम्फिसमध्ये ‘रॉकेट ८८’ हे गाणं मुद्रित झालं. अँप वाटेत खराब झाला, स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवलं आणि त्याचा घरघरता आवाज तसाच रेकॉर्डवर गेला, अशी गोष्ट सांगतात. पुढे रॉकचा सगळा डोलारा या फाटण्यावर उभा राहिला. ट्रान्झिस्टरचा अँप ताणला की गोल फाटत नाही, कात्रीने कापल्यासारखा फाटतो. फेंडरसारख्या कंपनीने १९६६मध्ये सॉलिड-स्टेट अँप काढले आणि काही वर्षांतच गुंडाळले. तेव्हापासून ट्रान्झिस्टर म्हणजे दुय्यम, हा समज गिटारवाल्यांत घट्ट बसला.

तो मोडला जपानी रोलँड कंपनीच्या जाझ कोरसने. १९७५चा हा अँप पूर्ण ट्रान्झिस्टरचा: दोन बारा इंची स्पीकर, १२० वॉट, आणि आवाज एकदम धुतल्यासारखा. मेटालिकासारखा बँडसुद्धा साफ आवाजासाठी याच्याकडे वळला. बी. बी. किंग लॅब सिरीजच्या एल-फाइव्हवर वाजवायचे, तोही ट्रान्झिस्टरचाच. तेव्हा ‘क्लीन टोन हवा’ म्हणणाऱ्याने व्हॉल्व्ह परवडत नाही म्हणून हळहळण्याचं काहीच कारण नाही.

आता आमच्या मैदानावर परत येऊ. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्याने त्यात फार सोसलं. नाव प्रत्यक्षात लागलं १४ जानेवारी १९९४ला. मधल्या साडेपंधरा वर्षांतल्या लढ्याची, त्यातल्या माणसांची गाणी आम्ही आजही चौदा जानेवारीला आणि चौदा एप्रिलला म्हणतो. त्यात गावांची नावं असतात, माणसांची नावं असतात. असं नाव गिटारच्या घरघरीत बुडलं, तर समोर बसलेल्या बाईला ते कळतं. ते नाव तिच्या घरातलं असू शकतं. आमचे गायक मला एवढंच बजावतात, “वाजव, पण शब्दावर बसू नको.”

क्लीन टोनची याहून चांगली व्याख्या मी वाचलेली नाही. टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवायचा, तरी बोलणं समजायचं. शब्द तिथे राहतात. गिटारची सगळ्यांत जाड तार ८२ हर्ट्झची, पण आवाज फाटला की तिच्या पटी वर चढतात आणि नेमक्या शब्दांच्या पट्ट्यात घुसतात. साफ आवाज आपल्या जागी राहतो. गिटार थेट भोंग्याला जोडण्यातही अर्थ नाही. भोंगा साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं देतच नाही, त्यामुळे गिटारचा पत्रा होतो.

राहिला ‘पोर्टेबल’. पुण्या-मुंबईत या शब्दाचा अर्थ वजन. आमच्याकडे अर्थ वीज. २००५नंतरची भारनियमनाची वर्षं ज्यांनी पाहिली, त्यांना हे समजावून सांगायला नको. आजही कार्यक्रमाच्या दिवशी डीपी जळू शकते किंवा गावात नुसती सिंगल फेज असते. म्हणून बॅटरी. आणि बॅटरीचा हिशेब निष्ठुर असतो. बारा व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला साधं सर्किट जेमतेम साडेचार वॉट साफ देतं. दोन सर्किटं एकमेकांविरुद्ध जोडली तर अठरा. त्यापुढे आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट लागतं. डब्यावर मोठा आकडा असेल तर तो बॅटरीवरचा की प्लगवरचा, हे आधी विचारा.

१९७३च्या पिगनोजपासून सहा पेन्सिल सेलवर चालणारे छोटे अँप मिळतात. पिगनोज पाच वॉटचा, आणि तो फाटण्यासाठीच प्रसिद्ध. रोलँडचा मायक्रो क्यूब खोलीत सरावाला सुरेख आहे. त्यात जाझ कोरसची नक्कलही आहे, पण दोन-तीन वॉटचा जीव ढोलकीपुढे टिकत नाही. माझा कल क्यूब स्ट्रीट ईएक्सच्या जातीकडे आहे: आठ पेन्सिल सेल, आठ इंची दोन स्पीकर, पन्नास वॉट, आणि माइकची वेगळी सोय. लाइट गेली तर गायकाचा माइकही त्यातच खुपसता येतो. महाग आहे, हे खरं. पार्टीत वर्गणी काढून घेतला तर जमतं. सेकंडहँड मिळाला तर सेलच्या डब्बीतल्या पत्र्या आधी बघा. सेल गळून गंजलेल्या असतात.

दुकानात जाताना गिटारवाला मित्र नेऊ नका, गाणारा माणूस न्या. आवाज पाऊणपर्यंत चढवा, सहाही तारा एकदम छेडा आणि त्याला बाजूला उभं राहून गायला सांगा. तुम्ही तीस पावलं लांब, रस्त्याच्या पलीकडे जा. सेलवर वाजवून बघा, प्लगवर नाही. त्याने गाण्यात एखादं अनोळखी गावाचं नाव घालावं, तुम्हाला आधी न सांगता. ते पहिल्या झटक्यात कळलं, तर पैसे काढा.