शंभरातल्या ब्याण्णव

बचत गटाची सहयोगिनी म्हणून मी तुमच्याशी नेहमी व्याज, परतफेड, बँकेचं कर्ज यावर बोलते. आज एका दुसऱ्याच आकड्याबद्दल बोलायचं आहे. आकडा आहे ९२. तो आपल्या विदर्भातल्या दोन खेड्यांतून निघाला आणि साऱ्या जगात गेला. आपल्या घरांत मात्र तो फार कोणाला माहीत नाही.

वणीवरून पुढं गेलं की चंद्रपूर, आणि चंद्रपूरच्या पुढं गडचिरोली. १९८२ साली चंद्रपुरातूनच हा जिल्हा वेगळा निघाला. पुढं तीन-चार वर्षांत तिथं एक डॉक्टर जोडपं राहायला आलं, राणी बंग आणि अभय बंग. राणीताई चंद्रपूरच्याच, स्त्रीरोगतज्ज्ञ. दोघंही अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले होते. गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली.

त्या काळी सरकारी आरोग्य खात्याला बाईची आठवण दोनच वेळा यायची. एक बाळंतपणात, दुसरी ऑपरेशनच्या वेळी. कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम देशात १९५२ पासूनचा. आणीबाणीत पुरुषांच्या नसबंदीची सक्ती झाली. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. आणीबाणी उठली, पुरुष बिथरले, आणि सगळा भार बायांवर आला. तेव्हापासून ऑपरेशनला आलेली बाई म्हणजे 'केस'. किती केसेस झाल्या, टार्गेट पुरं झालं का, एवढाच हिशेब. केसच्या कंबरेत कळ येते का, अंगावरून पांढरं जातं का, हे विचारायला त्या हिशेबात रकानाच नव्हता.

तसं बाईच्या शरीराबद्दल बोलणारे महाराष्ट्रात आधीही होते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. ते डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते, आणि या कामापायी नोकरी गमावून बसले. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वतीनं त्यांच्या पक्षाचे रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. बाळंतकळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकानंतर दुसऱ्या मुलाला कोणी तयार झाला नसता, असं त्या भाषणात होतं. ठराव पडला. पण हे सगळं बोलणं मूल होऊ न देण्याबद्दलचं होतं. मूल पोटात नसतानाही बाईला शरीर असतं आणि ते दुखतं, हा प्रश्न तसाच राहिला.

तो राणीताईंनी हातात घेतला. वसा आणि अमिर्झा ही गडचिरोलीची दोन गावं. दवाखान्यात येणाऱ्या बाया तपासल्या तर आजार दिसणारच, कारण आजारी आहेत म्हणूनच त्या आलेल्या. म्हणून गावातच जाऊन, वयात आलेल्या पोरींपासून म्हाताऱ्यांपर्यंत, दुखतं म्हणणाऱ्या आणि काही नाही म्हणणाऱ्या, अशा ६५० जणी तपासल्या. आधी प्रत्येकीशी बोलणं, मग आतून तपासणी, मग प्रयोगशाळेतल्या चाचण्या. ज्या गावात पाळीचं नाव सुद्धा 'कावळा शिवला' असं आडून घेतात, तिथं हे केवढं अवघड असेल, ते आपल्याला सांगायला नको.

निकाल असा आला. आम्हाला त्रास आहे असं सांगणाऱ्या शंभरात ५५ होत्या. ४५ जणी म्हणाल्या, काही नाही. तपासल्यावर मात्र शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. तोही एकेक नाही, एकीला सरासरी साडेतीनहून जास्त आजार. निम्मा भार जंतुसंसर्गाचा, म्हणजे औषधानं आटोक्यात येणारा. आणि याआधी कधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या बाया शंभरात फक्त ८.

मला विचाराल तर ९२ पेक्षाही तो ४५ चा आकडा जास्त बोलतो. अंगात आजार आहे आणि बाई म्हणते काही नाही. ती खोटं बोलत नव्हती. आईला होतं, सासूला होतं, जावेला आहे, म्हणजे बाईच्या जातीला असतंच, असं धरून ती चालली होती.

आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात आहे. आपल्याकडं सगळं दुखणं ऑपरेशनवर ढकलतात, 'ऑपरेशन झालं तवापासून कंबर गेली' म्हणतात. बायांसाठीची साधनं वापरणं आणि हे आजार यांचा संबंध तिथं दिसला, नाही असं नाही. पण आजारांचा अगदी थोडाच भाग त्यावरून उलगडत होता. बाकीचा भार आधीपासूनचाच, कोणी न पाहिलेला.

हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये लंडनहून निघणाऱ्या 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला. गरीब देशांच्या खेड्यांत प्राथमिक आरोग्य सेवेतच या आजारांची तपासणी आणि उपचार असले पाहिजेत, असं त्यात लिहिलं होतं. त्याचा दाखला जगभर दिला जाऊ लागला. सप्टेंबर १९९४ मध्ये इजिप्तच्या कैरो शहरात संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या परिषद झाली, १७९ देश होते. माणसं मोजणं बाजूला ठेवून बाईचं आरोग्य आणि तिचा निर्णय मधोमध आणा, असं तिथं ठरलं. एप्रिल १९९६ मध्ये आपल्या सरकारनं कुटुंबनियोजनाचं वरून येणारं टार्गेट काढलं. निदान कागदावर तरी.

गडचिरोलीत राणीताईंचं काम चालूच राहिलं. दवाखाना कसा हवा हे त्यांनी आदिवासी लोकांनाच विचारलं. पांढरे कपडे नकोत म्हणाले, पांढरं कापड आम्ही मढ्यावर टाकतो. नातेवाइकांना बाहेर काढू नका म्हणाले. म्हणून तिथला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा आहे आणि त्याला नाव दंतेश्वरी देवीचं.

आता आपल्याकडं या. गटाच्या कर्जाच्या वहीत कारणाचा रकाना असतो. 'दवाखाना' किंवा 'घरखर्च' असं लिहिलेलं असतं. बैठक उठल्यावर बाई मागं रेंगाळते आणि हळूच सांगते, 'ताई, पिशवी काढायची हाय.' वय विचारावं तर चौतीस, छत्तीस. काय होतं? पांढरं जातं, कंबर दुखते, कापूस वेचताना वाकवत नाही. आतून तपासलं का? नाही. सोनोग्राफी झाली आणि 'पिशवी खराब आहे' एवढं कळलं. चाळीस हजार कर्ज काढून ती शरीराचा एक भाग देऊन टाकायला निघालेली असते, आणि नेमकं काय झालंय हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

ऊसतोडणीला जाणाऱ्या बीडच्या बायांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. सरकारनं समिती नेमली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. काही वेळा पिशवी काढावीच लागते, गाठी असतात, कॅन्सर असतो. पण पांढरं जाणं हे पुष्कळदा जंतुसंसर्गानं होतं, त्याला गोळ्या लागतात. तो संसर्ग एकमेकांना लागणारा असेल तर नवऱ्यालाही लागतात, नाहीतर पुन्हा होतो. पिशवीबरोबर अंडाशयही काढली तर पाळी त्याच दिवशी कायमची संपते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. पस्तिशीतल्या बाईपुढं अजून तीस वर्षांची शेतमजुरी असते.

म्हणून ऑपरेशनचं कर्ज मागणारीला मी चार प्रश्न लिहून देते, डॉक्टरांना विचारायला. आजाराचं नाव काय? आतून तपासलं का? गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाली का? आधी औषध देऊन पाहता येईल का? आणि पाळी बंद झाल्यावर वर्षानं-दोन वर्षांनी पुन्हा रक्त गेलं, तर कर्जाची वाट न पाहता सरळ दवाखाना गाठायचा, ते लांबवायचं दुखणं नव्हे.

आमच्या एका गटातली बाई ती चिठ्ठी घेऊन आशाताईंसोबत सरकारी दवाखान्यात गेली. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. दोघांना गोळ्या मिळाल्या. तिनं त्याच रात्री सुरू केल्या. नवऱ्यानं 'मले काय झालं' म्हणत आठ दिवस काढले, मग सासूनंच त्याच्या ताटाशेजारी गोळी आणि पाण्याचा गडवा ठेवला. कर्ज तिनं नंतर घेतलं, शेळ्यांसाठी.