टेक ऑफ

विमान धावपट्टी सोडतं तो ‘टेक ऑफ’. घरी आल्यावर कोट काढायचा, तोही ‘टेक ऑफ’. दोन दिवस रजा घ्या, किमतीतले दहा टक्के कमी करा, पाहुण्यांना कंटाळून गुपचूप सटका, साहेबांची नक्कल करा; इंग्रज सगळीकडे हीच जोडी पुढे करतो.

गंमत म्हणजे डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, परक्यांना अशी जोडक्रियापदं फार जड जातील, असं बजावताना ‘टेक ऑफ’चंही उदाहरण दिलं, ते नक्कल करणे या अर्थाने. विमान यायला अजून दीड शतक होतं. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव तर लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५च्या पुस्तकाने रूढ केलं.

यातलं ‘टेक’ मूळचं इंग्रजी नव्हेच. व्हायकिंगांबरोबर ते नॉर्स भाषेतून आलं आणि ‘निमन’ या जुन्या क्रियापदाला त्याने हुसकावलं. त्याचा मागमूस आज ‘निंबल’मध्ये उरलाय. ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ हेही एकाच शब्दाचे दोन उच्चार. जोर देऊन म्हटला तो ‘ऑफ’ झाला, घाईत उरकला तो ‘ऑव्ह’. लांबसडक लॅटिन शब्दांपेक्षा मला या दोन-अक्षरी जोड्याच जास्त बेरकी वाटतात.

मराठीत सर्वांत जवळ येतं ते ‘उतरवणं’. कोट उतरवतात, वहीतला मजकूर उतरवून घेतात, दृष्टही उतरवतात. विमानाशी मात्र गाडी अडते, कारण वैमानिक विमान उतरवतो ते थेट जमिनीवर!